एकाने वाचायचं, एकाने पाहायचं

११ जून, मंगळवार

खोटं बोलले. सरळ तोंडावर. "काका, मुलीला ताप आहे, आज चारला निघू का?" पोरगी शाळेत ठणठणीत! मला मुलाखतीला जायचं होतं, त्या काचेच्या दारांच्या मोठ्या कंपनीत.

काका आमचे मुख्य हिशेबनीस. खोक्यांच्या या कारखान्यातच केस पिकले त्यांचे. मी इथे टायपिस्ट म्हणून आले, मला अकाउंटंट केलं ते त्यांनी. डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं, इथपासून. ते लगेच म्हणाले, "अगं, विचारतेस काय? ही एक यादी तेवढी वाचू, मग पळ."

आमची पद्धत अशी — बँकेतून पैसे जाण्याआधी काका बिलावरचा खातेक्रमांक मोठ्याने वाचतात. मी टाइप केलेल्या यादीत तो पाहते, 'हो' म्हणते, पेन्सिलीने टिक मारते. आज नुसतीच हो, हो, हो करत गेले. मनात "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" याचं उत्तर घोकत होते.

मुलाखतीत तो प्रश्न आलाच नाही.

१३ जून, गुरुवार

"कळवतो" म्हणाले होते. आज कळवलं. नकार.

१७ जून, सोमवार

डिंकवाल्याचा फोन. पैसे पोचले नाहीत. यादी काढली — त्याच्या नावापुढे भलत्याच कुणाचा खातेक्रमांक! मीच टाइप केलेला. पुढे माझी टिक, छान ठसठशीत. रक्कम थोडीथोडकी नाही, आणि ज्याला मिळाली तो फोन उचलत नाही.

मालक तणतणत आले. "कुणी तपासलं हे?" मी तोंड उघडणार — खरंच उघडणार होते का? — तेवढ्यात काका उठले. "मी तपासलं. चूक माझी."

"काका, वय झालं आता तुमचं." सगळ्यांसमोर म्हणाले मालक.

मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते. तो आधीच भरलेला होता.

१८ जून, मंगळवार

आज सांगायचंच म्हणून केबिनपर्यंत गेले. मालक म्हणाले, "बोला." मी म्हटलं, "चहा सांगू का?"

नालायक बाई!

२१ जून, शुक्रवार

महिनाअखेरीस काकांना निरोप. त्यांची खुर्ची मला. पगारही वाढणार. नवरा खूश — "अगं, बढती मिळाली आणि तोंड पाडून काय बसलीस?" मग त्याला सगळं सांगितलं. मुलाखत, ती टिक, सगळं. तो मग म्हणाला, "आता सांगून काय काकांची नोकरी परत येणार आहे?"

मला नेमकं हेच ऐकायचं होतं. त्याचीच जास्त लाज वाटली.

२८ जून, शुक्रवार

काकांचा शेवटचा दिवस. सगळ्यांनी मिळून फळांची टोपली दिली. भाषण मी केलं. "काकांनी मला घडवलं" वगैरे. टाळ्या पडल्या. शी!

सगळे पांगल्यावर काकांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "सोमवारपासून वाचणारी तू. एक सांगून ठेवतो. दर यादीत एक आकडा मुद्दाम चुकीचा वाचायचा. समोरचा जागा आहे की नुसताच हो-हो करतोय, लगेच कळतं."

इतकी वर्षं मी त्यांना मधूनच टोकायचे — "काका, सात नाही, एक!" — आणि वाटायचं, गेली म्हाताऱ्याची नजर. मागे इतरांना सांगून हसलेसुद्धा आहे.

"त्या दिवशीही वाचला होता?"

"वाचला होता की. तू हो म्हणालीस."

"मग मला थांबवलं का नाही?"

"पोरीला ताप होता ना घरी! आईचं लक्ष कसं लागणार? म्हटलं, सकाळी पुन्हा वाचू. मालकांनी संध्याकाळीच यादी बँकेत पाठवून दिली. ड्रॉवरमध्ये ठेवून जायला हवी होती मी. म्हणून म्हटलं, चूक माझी." आणि हसले. "आता बरी आहे ना ती?"

"हो," म्हटलं मी.

किल्ल्या घेतल्या आणि घरी आले.

२९ जून, शनिवार

सकाळी काका दारात. कालची टोपली जशीच्या तशी, मुलीसाठी. "काय गं, गेला का ताप?"

"मला कुठे आला होता ताप?" ती म्हणाली. "मी तर एकही दिवस शाळा बुडवली नाही!"

काकांनी टोपली खाली ठेवली. "हो," म्हणाले. "हो, बरोबर."

माझ्याकडे पाहिलं नाही. पाणीसुद्धा न घेता गेले.