दुखलं तर उजवा हात

८ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय डावरे,

इतक्या वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. वेळ नव्हता असं सांगणार नाही. रोज डायरीत पानभर खरडणाऱ्या बाईला वेळ नव्हता हे तुला पटायचंही नाही. दोनतीनदा लिहायला बसले होते, पण दर वेळी ते समजूत काढल्यासारखं व्हायचं आणि मी कागद फाडून टाकायची. तुझी समजूत काढण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतंच मुळी. आज आहे. इतकं आहे की अक्षर सरळ येत नाहीये. अगं, ती दाढ सापडली! तुझी ती दाढ!

कुठली म्हणून विचारू नकोस. खालची उजवी, पुढचं मूळ टोकाला हुकासारखं वळलेलं, आणि त्या वळणात तुटून बसलेला, मुळाची नळी घासायच्या तुझ्या फाइलचा तुकडा. केसाएवढ्या त्या सुईपायी तू पाटी उतरवलीस, खुर्ची विकलीस आणि नणंदेच्या रोपवाटिकेत जाऊन कलमं बांधायला लागलीस. “ती दाढ गेलीच असणार, आणि तिच्याबरोबर हाडही,” असं तू तेव्हा म्हणाली होतीस, आणि पेशंट पुन्हा आलाच नाही म्हणून तुझं म्हणणं खोडायला कुणीच नव्हतं. मीही नाही.

तर ऐक. मंगळवारी एक गृहस्थ आले. नोकरी बँकेत झाली, पण जीव फुटबॉलच्या पंचगिरीत. शेवटच्या दाढेत कीड होती, साधं भरायचं काम. मी ड्रिल लावलं आणि यांनी खाडकन उजवा हात वर केला! माझ्या कोपराला असा फटका बसला की आरसा उडून बेसिनमध्ये. मी म्हटलं, “काका, दुखलं तर डावा हात. उजवीकडे मी बसलेय.” तर म्हणतात, “आमच्या डॉक्टरबाईंनी उजवा शिकवलाय. आणि आम्ही हात वर केला की खेळ थांबतो, ही आयुष्यभराची सवय. आता बाजू बदलायला सांगू नका.”

माझ्या हातातलं ड्रिल तसंच राहिलं. पेशंटला उजवा हात वर करायला सांगणारी डॉक्टर मी एकच पाहिलीय, कारण पेशंटच्या डाव्या बाजूला बसणारी डॉक्टर मी एकच पाहिलीय. कॉलेजात सगळ्या खुर्च्या उजव्या हाताच्या लोकांसाठी होत्या. तू आपली ट्रेवरून वाकून, अंगाची वेटोळी करून काम करायचीस आणि आपले सर म्हणायचे, “हिचं काम बघा, हिच्याकडे बघू नका.” मी काकांना विचारलं, कोण डॉक्टरबाई? म्हणाले, “डावखुऱ्या होत्या. बदली होऊन परत आलो तर त्यांच्या जागी चष्म्याचं दुकान.”

भरण्याचं काम आधी नीट पुरं केलं, एवढं माझं श्रेय मला दे. मग त्याच बाजूच्या, टोपी चढवलेल्या दाढेचा एक्स-रे काढला. पडद्यावर तुझा तुकडा दिसला आणि त्याच्याखाली, जिथे तुझ्या वेळी हाड झिजल्याचा काळा डाग होता, तिथे हाड! पांढरं, जाळीदार, शहाण्यासारखं भरलेलं हाड. मी ओरडलेच. काका दचकले. “काय झालं? फाऊल?” मी म्हटलं, गोल! मग सगळं सांगितलं. त्यांना तुकड्याचं ठाऊक होतंच. “त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. माझ्यापेक्षा त्याच घाबरलेल्या. मीच म्हटलं, मॅडम, चेंडू अजून मैदानातच आहे. तेव्हापासून तोंडात पोलाद घेऊन हिंडतोय.” पोलाद नव्हे, निकेल-टायटेनियम, मी म्हटलं. “मग घरी सांगायला हवं. भाव वाढला माझा.”

आता तुला माहीत आहे मी कशी आहे. काका जिना उतरले तशी शंका चढली. मला हवं तेच दिसत नाहीये ना? कोन वेगळा असला की डाग लपतो. म्हणून काकांना पुन्हा बोलावलं, तू त्यांना दिलेला जुना एक्स-रे आणायला लावला, दुसऱ्या कोनातून नवा काढला, दाढ ठोकून पाहिली, दाबून पाहिली, हिरडीची खोली मोजली. मग दोन्ही चित्रं तारखा झाकून वरच्या मजल्यावरच्या एक्स-रेवाल्या डॉक्टरांकडे नेली. तो खडूस माणूस. कुणाचा दात, कुणाचं काम, काही सांगितलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, “हे जुनं, हे नवं. हाड भरलंय. यात विचारण्यासारखं काय आहे, बाई? निदान चहा तरी सांग.” चहा सांगितला. दोन वेळा सांगितला.

एका दाढेवरून नियम करू नये, हेही कळतं मला. पण ती का टिकली याचा विचार करते तेव्हा तुझा हात दिसतो. तुकडा उकरून काढायच्या नादात तू मूळ पोखरलं नाहीस. रबराचा पडदा लावून थुंकीचा थेंब आत जाऊ दिला नव्हतास. तुकड्यापर्यंतची पोकळी पुन्हा पुन्हा औषधी पाण्याने धुतलीस, मग ती बुजवायला तो गुलाबी, रबरासारखा गटा-पर्चा घट्ट बसवलास आणि वर लगेच टोपी चढवलीस. दाढ तुटलेल्या फाइलने जात नाही, आत राहिलेल्या घाणीने जाते. हे वाक्य परीक्षेच्या आधी तूच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंस, आणि नंतर तूच विसरलीस!

आणि अगं, आता काय काय आलंय! फाइली वळणात वाकतात आणि वाकलेल्याच राहतात, सरळ व्हायचा हट्ट धरत नाहीत. आपण एकच फाइल किती तोंडांत वापरायचो. तिचा धातूच थकून ती तुटायची. आता एका पेशंटनंतर फेकून द्यायची. आतल्या पाण्याला बारीक कंप देणारं यंत्र आहे, कोपऱ्यातला कचरा ढगासारखा वर येतो. मुळं बुजवायचा नवा लेप असा आहे की तो ओलाव्यातच घट्ट होतो. आपण कागदी काड्यांनी कोरडं करत किती वेळ घालवायचो! आणि मायक्रोस्कोप घेतला मी. पहिल्यांदा त्यातून दाढेत डोकावले तेव्हा पहिला विचार आला की डावरीने हे बघायला हवं होतं.

आता हे पत्र कशासाठी, ते. मी सध्या एकाच बाजूने चावते. खालची डावी दाढ चहाने महिनाभर कळवळत होती, मग एकदम गप्प झाली. असं गप्प होणं म्हणजे आतली नस मेली, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. स्वतःचा एक्स-रे काढला: टोकाला डाग, आणि पुढचं मूळ हुकासारखं वळलेलं. वरचे डॉक्टर म्हणतात, काढून टाक, हाडात स्क्रू बसवून नवा दात लावून घे. मला ती हवी आहे, आणि ती तू करायला हवी आहेस. तुला परत आणायचं म्हणून मी दाढ पणाला लावतेय का, हे स्वतःला पुष्कळदा विचारलं. नाही. गावात चांगले हात आहेत, पण वाकडं मूळ म्हटलं की मला तुझाच हात आठवतो. तुझी नणंद बाजारात भेटली होती. म्हणाली, वहिनीने बांधलेलं कलम सहसा दगावत नाही. आणि सहज बोलून गेली की डॉक्टरकीची नोंदणी तू अजून न चुकता नवी करतेस. ते ऐकून मी भर बाजारात तिचा हात धरला. वाकड्या मुळांच्या काढलेल्या दाढा मी बाटलीत जमवल्यात. आधी त्यांच्यावर हात बसव, मग माझ्यावर. फाइल तुटलीच, तर तसं सांग. मी तुकडा घेऊन हिंडेन. घाबरू नकोस, मला बाजू पक्की लक्षात आहे. दुखलं तर उजवा हात वर करीन.

तुझीच,
शंकेखोर

उद्याचं काम: दुसऱ्या खुर्चीचा ट्रे डावीकडे बसवून घेणे.