पाणघोडा दोघांच्या नावे

हे लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल आधी माफी असावी. तुमची आई असतानाच लिहायला हवे होते. ती म्हणायचीही, "अहो, कागद करून ठेवा, मागे राहिलेल्यांची परवड होते." पण मृत्युपत्र लिहिले की माणूस लगेच जातो अशी मला उगाचच धास्ती होती. आता धास्ती दुसरीच आहे, म्हणून बसलो.

मी खाली सही करणारा, धंदा शिंपीकाम, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून फसवलेले नाही, आणि पुढची सगळी व्यवस्था मी माझ्या मर्जीने करत आहे. 'आज' हा शब्द मुद्दाम घातला आहे. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय मी डावे कापले. गिऱ्हाईक हसले, मला हसू आले नाही. तुमच्या आईचे असेच सुरू झाले होते. शेगडी पेटवायची आणि वर काय ठेवायचे तेच विसरायची. डॉक्टरांनी मला वार विचारला, ऋतू विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले आणि म्हणाले, "सध्या ठीक आहे, आजोबा." 'सध्या'वर त्यांनी जोर दिला असे मला वाटले. त्यांची सही शेवटी घेतली आहे.

वकिलाकडून नमुना आणला होता. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे नमुना जिथे कळला नाही तिथे माझे शब्द घातले आहेत. कोर्टाने सांभाळून घ्यावे.

मला वारस दोन. थोरला मुलगा, त्याला घरात दादा म्हणतात. धाकटी मुलगी, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मी तिला बटण म्हणालो आणि तेच चिकटले. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दादा रविवारी येतो, बटण बुधवारी येते. एकदा ती चुकून रविवारी आली, दारात दादाच्या चपला पाहिल्या आणि बाहेरच्या बाहेर परत फिरली. मी मशीनवर होतो, खिडकीतून पाहिले. हाक मारायला तोंडातल्या टाचण्या आड आल्या.

कलम पहिले. दुकान व मागच्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आहेत, त्यावर कोणाचा बोजा नाही. त्या दोघांना निम्म्यानिम्म्याने द्याव्यात. मध्ये भिंत घालू नये. घातलीच तर खिडकीच्या मधोमध येईल, आणि मग उजेड कोणालाच नाही. बँकेत जे काही असेल तेही तसेच निम्मे.

कलम दुसरे. पायमशीन बटणला. ती शिवत नाही हे मला ठाऊक आहे. पण लहानपणी ती त्याच मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची, आणि मशीन थांबली की उठायची. मोठी कात्री दादाला. लहानपणी त्या कात्रीने कागद कापला म्हणून मी त्याच्यावर फार ओरडत असे. आता त्याने त्या कात्रीने काय हवे ते कापावे.

कलम तिसरे, पिवळे कापड. याचा खुलासा करावा लागेल, कारण नातीला, म्हणजे दादाच्या मुलीला, सगळे माहीत नाही.

एका हॉटेलवाल्याने पडद्यांसाठी पिवळ्याजर्द कापडाचे अख्खे ठाण आणून टाकले आणि पुन्हा फिरकला नाही. त्याच वर्षी आम्ही पहिल्यांदा पाळण्यांच्या त्या मोठ्या पार्कात गेलो. मला गर्दीची भीती. पोरे हरवतील, पाळण्याचा नट निघेल, पाण्यात कोणी बुडेल, या विचाराने मला आठवडाभर झोप नव्हती. मग त्या ठाणातून आम्हा चौघांचे शर्ट शिवले. अर्ध्या पार्कातून दिसावेत असे. पार्कातल्या नोकरांचा गणवेशही पिवळाच निघाला. लोक येऊन विचारायला लागले, संडास कुठे आहे, आगगाडी किती वाजता सुटते. मला घाम फुटला. बटण मात्र हात लांब करून ठोकून द्यायची, "सरळ जाऊन डावीकडे!" तुमची आई म्हणाली, "जाताना पगारही मागून घ्या यांच्याकडून."

तेव्हापासून दरवर्षी, पोरांच्या परीक्षा संपल्या की, नवे माप घेऊन नवे पिवळे शर्ट. दादाला मिसरूड फुटले त्या वर्षी त्याने भर उन्हात वरून जाकीट घातले. तुमची आई म्हणाली, "राहू दे, घामाने विरघळला की आपोआप काढेल." त्याने काढले नाही. पण पाळण्यात उंच गेल्यावर जाकिटाची चेन खाली केली, म्हणजे मला तो खालून दिसेल. हे मला कळले नव्हते असे त्याला वाटते.

मी प्रत्येक पाळण्याचे नट हाताने चाचपून बघत असे. एक पाळणेवाला वैतागून म्हणाला, "काका, बसताय की दुकान टाकताय?" तुमची आई कुठल्याच पाळण्यात बसली नाही. फक्त त्या संथ होडीत, तीही सगळ्यांच्या चपला मांडीवर घेऊन. सगळ्यांच्या चपला का, तर कोणाची हरवू नये. भीतीच्या बाबतीत ती माझी बायको शोभायची.

माझे साडू आम्हाला पाहून म्हणाले होते, "काय हो, सर्कशीत लागलात का?" उरलेले पिवळे कापड त्यांना द्यावे. नको. हे वाक्य खोडावे. कापड नातीला द्यावे. मला शेवटचा शर्ट त्यातलाच घालावा, तो कपाटात इस्त्री करून ठेवला आहे. साडूंना यायचे असेल तर येऊ द्यावे, हसू देऊ नये.

कलम चौथे. पार्काच्या ज्या व्यवस्थापकाने पाणघोडा जागेवरून हलवला आणि कुठे नेला याची साधी पाटीसुद्धा लावली नाही, त्याला मी काही देत नाही. माफीसुद्धा नाही.

हा पाणघोडा म्हणजे कारंज्याजवळ उभा असलेला, फायबरचा, निळा, माणसाहून उंच. पहिल्याच वर्षी मी घरचा नियम केला होता, आणि फाटकातून आत शिरताना दरवर्षी सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचो: हरवलो तर पाणघोड्यापाशी उभे राहायचे, हलायचे नाही, रडायचे नाही, कोणीतरी येतेच.

चार वर्षांपूर्वीचे तुम्हा दोघांना माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुम्ही ते वेगवेगळे सांगता. तुमच्या आईला तेव्हा नावे आठवेनाशी झाली होती. ओळखीच्या जागी न्या, असे डॉक्टर म्हणाले, म्हणून सगळे मिळून गेलो. दादाची मुलगीही होती, तिचा पहिला पिवळा शर्ट. आईचा हात दादाच्या हातात होता. बटण पाळण्याच्या तिकिटांच्या रांगेत फोनवर बोलत होती. नात उन्हाने रडायला लागली, दादाने तिला उचलायला हात सोडला, आणि वळून बघतो तर आई नाही.

आम्ही सगळे नियमाप्रमाणे कारंज्याकडे धावलो. तिथे पाणघोडा नव्हता, सरबताचे दुकान होते. आम्ही एकमेकांना समजावले, पुतळा गेला असला तरी जागा तीच, ती इथेच येणार. लाउडस्पीकरवरून तिचे नाव पुकारत राहिले. आपले नाव तिला कळत होते की नाही कोण जाणे. आम्ही शहाणी माणसे दुपारभर सरबताच्या दुकानापाशी चिकटून उभे राहिलो.

पार्क बंद होताना झाडूवाली सांगत आली, "ओ पिवळे, तुमच्यातली एक बाई मागच्या फाटकाला उभी आहे, हलायलाच तयार नाही." पाणघोडा तिकडे नेला होता. तुमची आई त्याच्या पायाला हात लावून उभी होती. चेहरा भाजला होता, पाय सुजले होते, पायात चपला नव्हत्या. आम्हाला पाहून म्हणाली, "किती उशीर केलात. मी हलले नाही हं."

घरी आल्यावर तुम्ही जे बोललात ते मी मशीनवर बसून ऐकले.

"दादा, तिचा हात तुझ्या हातात दिला होता."

"आणि तू? तुझा फोन काय कानाला शिवला होता का?"

"आई सांभाळता येत नाही तर सांग ना तसं."

"एवढी माया आहे तर ने ना तुझ्याकडे! दर बुधवारी येऊन केस विंचरले की झालं?"

"हात सोडणाऱ्याच्या घरचं मी पाणी पिणार नाही."

तेव्हापासून चार वर्षे. त्याच वर्षीच्या थंडीत ती तापाने गेली. त्या दिवसाचा आणि तापाचा काही संबंध नाही असे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितले, मी त्यांना दोनदा विचारले म्हणून. तिला शेवटी मी आठवत नव्हतो, तुम्ही आठवत नव्हतात. नियम तेवढा आठवत होता. तो ज्याने त्याने आपापल्या परीने पाळला, आणि तरी चुकामूक झाली. यात तुमच्यापैकी कोणाला दोषी धरायचे ते मला अजून कळलेले नाही. मी कोणालाच धरत नाही. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते नमुन्यात नव्हते.

कलम पाचवे. पार्क आता बंद झाला. सगळे भंगारात निघाले हे मला शेजारच्या चावीवाल्याने सांगितले. आम्ही दोघे गेलो आणि तो पाणघोडा भंगाराच्या भावात घेऊन आलो. टेम्पोवाल्यांनी तो मागच्या बोळात दाराला लागून उतरवला आणि निघून गेले. आता मागचे दार वीतभर उघडते. शेजारीण म्हणते, "या वयात हे काय सोंग आणलंत?" चावीवाल्याने आणि मी खूप जोर लावला, तो तसूभर सरकला नाही. दोन धडधाकट माणसांनी पुढून-मागून धरला तर सरकेल, असे चावीवाल्याचे मत आहे.

सबब सदर पाणघोडा मी दादा आणि बटण यांना समाईक देत आहे. तो तोडू नये, विकू नये, वाटणी करू नये. पुढच्या दाराची वाट टेबल आणि मशीन यांच्यामधून आहे, तिथून एक माणूस जातो, तोही उभा. मला आडवे न्यायचे तर मागच्या दारानेच न्यावे लागेल, आणि त्याआधी पाणघोडा हलवावा लागेल. मी हे मुद्दाम केलेले नाही. टेम्पोवाल्यांनी केले. पण झाले ते मला वाईट वाटत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि सही केली.

(सही) लिहून ठेवणारा, शिंपी

साक्षीदार एक: (सही) शेजारचा चावीवाला
साक्षीदार दोन: (सही) डॉक्टर. आजच्या तारखेला लिहिणाऱ्याची समज शाबूत आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: पार्क बंद झाल्यानंतरचा दुसरा शनिवार

ता. क. मृत्युपत्र मेल्यावर उघडायचे असते असे वकील म्हणाले. पण तोवर मला तुम्ही दोघे ओळखू याल याची खात्री नाही, म्हणून दोघांना एकेक प्रत आजच टपालाने पाठवत आहे. रविवार नको, बुधवार नको, तिसरा कुठलाही वार ठरवा आणि एकत्र या. दोघांचा मिळून एकच निरोप पाठवा. दुपारी मी मागच्या दाराच्या फटीतून हात घालून पाणघोड्याच्या पायावर ठेवतो, तो उन्हाने तापलेला असतो. मी हलणार नाही. पण लवकर कळवा.