रुईला टीम मिळेना

रविवार, ७ डिसेंबर

भांडण झालं. तर्री-पोह्यांच्या गाडीवर, सगळ्यांसमोर. विषय – पुढच्या मोसमात कोणाचा माणूस कोण.

आमचं मंडळ तिघांचं. नागपुरात सायकल शर्यतींचे याहून जास्त चाहते असतील तर ते लपून बसलेत. देवाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर, आवाज अजून बॉयलरशेजारी उभा असल्यासारखा. मिनल कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, आम्हा दोघांना काका म्हणते आणि दोघांचंही ऐकत नाही. आणि मी. डिसेंबरात प्रत्येकाने एक सायकलपटू निवडायचा, वर्षभर त्याच्याशी इमान राखायचं. मोसम संपला की ज्याचा माणूस सगळ्यात मागे, त्याने बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या पाठीवर घेऊन सायकलने सेमिनरी हिल्स चढायची. शहरात चढ म्हणून तेवढाच आहे. गेली चार वर्षं तो मीच चढतोय.

कारण मी दरवर्षी रुई पेनेडालाच निवडतो. पोर्तुगालचा, वय छत्तीस. अकरा वर्षांत एकही शर्यत जिंकलेली नाही. त्याचं काम एकच – मागे टीमच्या गाडीपर्यंत जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, आणि जीव खाऊन पुन्हा पुढे येऊन म्होरक्याला पाणी पाजायचं. मिनल त्यासाठी काहीतरी फ्रेंच शब्द सांगते. आम्ही पाणक्या म्हणतो.

यंदा पाणक्याला टीमच नाही! करार संपला, नवा कोणी देईना.

देवाजी म्हणाला, "टीम नाही तं माणूस नाही. दुसरा घे गा मुकुंदा. काहून त्या म्हाताऱ्याच्या मांगं लागून राहिला?"

दहा जानेवारीपर्यंत मुदत मिळाली. तोवर रुईला टीम नाही मिळाली आणि मी दुसराही नाही घेतला, तर यंदा मी मंडळातून बाद. पोहे तसेच ठेवून उठलो. अर्ध्या रस्त्यात भूक लागली.

मंगळवार, ९ डिसेंबर

टीम नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

आमच्या भांड्यांच्या दुकानात गर्दी. दादा, माझा थोरला भाऊ, गादीवर बसून गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. मी माळ्यावरून गंज, पराती, डबे उतरवतो. तीस वर्षं हेच. आज एका बाईंनी मला विचारलं, "मालक कुठे गेले?" दुकान दोघांच्या नावावर आहे. मी म्हटलं, "येतीलच."

रुई मला का आवडतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मंडळात सांगणार नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

बायकोने, म्हणजे उत्तराने, विचारलं, आठवडाभर तोंड का पाडलंय. म्हटलं, रुईचं काम सुटलंय.

"रुई? मारुतीले वाहते ते?"

सगळं समजावलं. बायको सायकल शर्यतीवर पहिल्यांदाच अर्धा तास ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "पोरंबाळं आहेत का त्याले?" माहीत नाही म्हटलं. "असतीलच," म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली. रिकाम्या प्लॉटवरची रुईची एकवीस पानं तोडून आणली, एकेका पानावर चंदनाने राम लिहिला, माळ केली. "नाव मारुतीच्या पानाचंच आहे. त्याच्यासाठी मागायले मले काहून लाज वाटंल?"

देवळात फोटो काढला. शेंदरी मारुती, गळ्यात रुई. इन्स्टाग्रामवर रुई पेनेडा शोधला. नावापुढे फोटो – भिंतीला टेकवलेली सायकल. आणखी काय पाहिजे! इंग्रजीत लिहिलं की तुमचं काम गेल्याचं कळलं, माझ्या पत्नीने देवाला साकडं घातलंय, ही तुमच्याच नावाची पानं. मिनलला विचारलं नाही. हसली असती.

सोमवार, १५ डिसेंबर

उत्तर आलं!!

"मला काम नाही हे तुम्हाला कसं कळलं? इथे तर कोणी विचारतही नाही. पत्नीला धन्यवाद सांगा. ही पानं सूपमध्ये घालतात का?"

असा ओरडलो की दादाच्या हातून परात पडली. लगेच कळवलं – सूपमध्ये अजिबात नको, चीक विषारी असतो. मग वाटलं, ओळख होऊन दोन दिवस नाहीत आणि आपण विषापर्यंत पोचलो.

रविवार, २१ डिसेंबर

मंडळाची बैठक. देवाजीने नेहमीप्रमाणे फ्रान्सच्या डोंगरांत सगळ्यांना मागे टाकणारा राजा घेतला. मिनलने बेल्जियमच्या दगडी रस्त्यांवरचा एक पोरगा घेतला, सोबत तीन पानी तक्ता.

"दगडी रस्त्याचं काय सांगते वं? इतवारीच्या बाजारात आण त्याले, हातगाड्यातून काढून दाखवू दे," देवाजी म्हणाला.

मग मी मोबाईल पुढे केला. देवाजीने दोनदा वाचलं. त्याच्या राजाने त्याला कधी उत्तर दिलेलं नाही. शेवटी म्हणाला, "त्याले विचार, माझा राजा माणूस म्हणून कसा आहे."

विचारलं. तासाभरात आलं – "मला फारसं माहीत नाही. टीव्हीवर चांगला वाटतो."

"पाह्य," देवाजी म्हणाला, "सोबत रस्त्यावर धावते, पण लाडीगोडी नाही. तुझा रुई सरळ माणूस आहे."

मिनल चमचा तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली. जळत असावी.

शनिवार, २७ डिसेंबर

दुसरी माळ. उत्तराने मारुतीला पत्ता नीट सांगितला म्हणे. "पोर्तुगाल म्हटलं. नसंल समजत तं गोव्याच्या देवांले विचारा, त्यांले माहीत असते."

टीम नाही.

शनिवार, ३ जानेवारी

तिसरी माळ. आणि रुईचा निरोप – "सोमवारी भेटायला बोलावलंय. आशा आहे. पत्नीला सांगा."

मंडळाला कळवलं. देवाजी म्हणाला, जानेवारीत कोणती टीम माणूस घेते? मी म्हटलं, ज्या टीमला तहान लागलीय ती. या वाक्यावर दिवसभर खूश होतो.

गुरुवार, ८ जानेवारी

मिनलने दुपारी बातमी पाठवली. रुई पेनेडा निवृत्त. पाच ओळींचं निवेदन – टीम मिळाली नाही, अकरा वर्षांबद्दल आभार. ऑस्ट्रेलियात मोसम सुरू व्हायला दोन आठवडेही राहिले नाहीत.

माळ्यावर जाऊन बसलो. रडलो थोडं. खरं सांगायचं तर थोडं नाही. मला फार वाईट वाटलं, परदेशातल्या एका माणसासाठी, ज्याला मी कधी पाहिलं नाही. दादाने खालून दोन हाका मारल्या. मग स्वतःच शिडी चढून वर आला, माझ्याकडे बघितलं, पाहिजे होता तो गंज उचलला आणि उतरला.

संध्याकाळी देवाजीचा फोन. बॉयलरचा आवाज नव्हता. "मुदत वाढवू गा आपण. महिनाभर. कोण विचारून राहिलं?"

उत्तराला सांगायचा धीर झाला नाही.

शनिवार, १० जानेवारी

सकाळी रुईचा निरोप. काम मिळालं! एका बेकरीत, सोमवारपासून. दीड वर्ष घरी होता. मी घाबरत विचारलं – आणि सायकल? त्याने लिहिलं, त्याच नावाचा एक सायकलपटू आहे, तो मी नव्हे. माझी सायकल फक्त बाजारात जाण्यापुरती.

उत्तराला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी नोकरी मागतली होती. शर्यत कधी मागतली?"

मंडळाच्या वहीत माझ्या नावापुढे लिहून आलो – रुई पेनेडा, बेकरी.