दोन माणसांची टेस्ट

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर माणूस बिघडतो म्हणे. मी नाही बिघडणार. तेहेतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, बिघाड लांबून ओळखतो.
संकल्प एकच: गाडी ठीक करायची. ही मुलीकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेली, त्याला दहा आठवडे झाले. जाताना म्हणाली होती की या घरात आणि त्या गाडीत बसलं की माझं डोकं दुखतं. घराचं काही करता येत नाही. गाडी माझ्या हातात आहे.

४ फेब्रुवारी
दोष सापडला. गेल्या वर्षी टर्बो ट्यून करून घेतला, ताकद दीडपट झाली. पण इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं ते माउंट जुनेच. पाय दाबला की इंजिन उठतं आणि धाडकन आपटतं. डोकं दुखेल नाही तर काय! हिने आधी सांगायला हवं होतं.
(सांगितलं होतं. पण मोघम.)

५ फेब्रुवारी
टेस्ट सोपी आहे. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, गिअर टाकायचा, हळूच ॲक्सिलरेटर द्यायचा. दुसऱ्याने बॉनेट उघडून इंजिन किती उचललं जातं ते बाजूने बघायचं.
दुसरं माणूस नाही.
पूर्वी ही बसायची. सीट पार स्टिअरिंगला चिकटेपर्यंत पुढे ओढायची आणि तशीच सोडून जायची. नंतर माझे गुडघे आपटायचे. कितीदा ओरडलो असेन.

८ फेब्रुवारी, रविवार
एकट्याने टेस्ट. मोबाइल बॉनेटखाली चिकटपट्टीने लावला, व्हिडिओ चालू केला, आत जाऊन बसलो. पहिल्याच झटक्याला मोबाइल सुटून इंजिनाखाली गेला. तिथे हात जात नाही. बरोबर अकराला तिथून रिंग वाजायला लागली. हिचा रविवारचा फोन. तीनदा वाजला. मी वाकून ऐकत राहिलो.
खालचं कव्हर काढेपर्यंत दीड वाजला. फोन लावला तर मुलगी म्हणाली, आई झोपली आहे बाबा.
जमेची बाजू: झटका जोरदार आहे हे सिद्ध झालं.

१० फेब्रुवारी
शेजाऱ्यांना विचारलं, दोन मिनिटं बसता का. ते म्हणाले, वहिनी आल्या की त्याच बसतील की, कधी येणार आहेत? म्हणालो, येणं-जाणं चालूच असतं. घाईघाईने घरी आलो. काम काहीच नव्हतं.

१२ फेब्रुवारी
गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. सांगितलं, रबर नकोच, ॲल्युमिनियमचे सॉलिड माउंट टाक. इंजिन एक मिलिमीटर हलता कामा नये. तो म्हणाला, काका, असले माउंट रेसच्या गाडीला लावतात. इंजिन थोडं हलायलाच हवं, ते हलणं रबर गिळतं. जखडलंत तर सगळा थरथराट सीटमध्ये येईल. फार तर थोडं कडक रबर टाकू. मी म्हणालो, थोडं हा शब्द मी तेहेतीस वर्षं कुणाला वापरू दिला नाही.
त्याने हात जोडले. अनुभव कमी आहे.

१७ फेब्रुवारी
बसवले! इंजिन गप्प. आरसा थरथरतो, त्यामुळे मागचं दिसत नाही. चष्मा नाकावर ठरत नाही. दात वाजतात. नवं आहे, सवय होईल.

२० फेब्रुवारी
हिला फोन केला. गाडी झाली, रविवारी न्यायला येतो. ती म्हणाली, अहो, गाडीचं काही नव्हतं हो. मी म्हणालो, मग कशाचं? ती म्हणाली, कसं सांगू. तेवढ्यात मी तिला टॉर्क समजावून सांगितला. मग म्हणाली, न्यायला नको, मीच येते, शिलाई मशीन न्यायचंय.
येते आहे! बाकी किरकोळ.

२२ फेब्रुवारी, रविवार
आली. जावयांची गाडी स्वतः चालवत. मी घर झाडून ठेवलं होतं, तिच्या लक्षात आलं असावं. मशीन मीच उचलून डिकीत ठेवलं. मग विचारलं, दोन मिनिटं बसतेस? टेस्ट राहिली आहे.
बसली. सवयीने सीट पुढे ओढली. मी बॉनेट उघडलं. ब्रेक, गिअर, ॲक्सिलरेटर. इंजिन तसूभर हललं नाही. आतून तिने विचारलं, हललं का हो? मी म्हणालो, हललं थोडं, परत दे. परत दिलं. आता? अजून एकदा. असं नऊ वेळा. मी इंजिनाकडे बघतच नव्हतो. बॉनेटच्या फटीतून स्टिअरिंगवरचा तिचा एक हात दिसत होता.
शेवटी तिने गाडी बंद केली. तळहात चोळत उतरली. म्हणाली, अहो, काही हलत नाहीये. सगळं माझ्याच अंगात येतंय.
टेस्ट शंभर टक्के पास. ती गेल्यावर मला रडू आलं. नोंद करून ठेवतो.

२३ फेब्रुवारी
गाडीत बसायला गेलो. गुडघे आपटले. सीट तशीच ठेवली.

२६ फेब्रुवारी
गुडघे पोटाशी घेऊन गॅरेजपर्यंत गाडी नेली. डॉक्टरला म्हणालो, रबरी माउंट परत टाक, आणि सीटला हात लावायचा नाही. तो म्हणाला, मग गाडी आत कशी घेऊ? म्हटलं, ढकल. ढकलली बिचाऱ्याने.
हिला फोन केला. माउंट बदललेत, टेस्ट पुन्हा करावी लागेल, त्याला दोन माणसं लागतात. ती म्हणाली, बरं, रविवारी बघते.
बघते म्हणजे येते. तिला मी ओळखतो.

१ मार्च, रविवार, सकाळी ११
जावईबापू आले. सहा फूट उंच, स्वभावाने चांगले. म्हणाले, आईंनी पाठवलंय, टेस्टसाठी. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार उघडलं आणि बसण्याआधी सीट मागे सरकवली. शेवटच्या खाचेपर्यंत.
मग आतून विचारलं, बाबा, हललं का?
हो म्हणालो.
किती?
मोजलं नाही.