उत्तरपूजा राहिली आहे

प्रिय बाबा,

आज नदीपलीकडच्या रामनगरहून लेलेकाका आले होते, त्या दिवशी आपण ज्यांच्या घरी पूजेला गेलो होतो ते. ते जे बोलून गेले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला धड श्वास घेता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

दारातच उभं राहून ते आईला म्हणाले, "वहिनी, सत्यनारायणाचा चौरंग अजून तसाच आहे. तुमचा बाळकृष्णही तिथेच आहे. गुरुजी म्हणाले होते, उत्तरपूजेला उद्या सकाळी येतो. आता कुणाला बोलवू?"

बाळकृष्ण तिथे? मग परतताना तुम्ही माझ्या हातात दिलेल्या देवाच्या डबीत काय होतं, बाबा?

दोन महिने मी ती उघडली नव्हती. आपल्या दूधविनायकाच्या गल्लीत सगळे म्हणतात, नाव उलटली, गुरुजी गेले, पण पोरीने देव सोडला नाही. शेजारच्या काकू तर माझ्या पाया पडायला वाकल्या! मी पाय मागे घेतले. त्यांना तो विनय वाटला.

खरं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पूजेहून परतताना मोटरबोट आडवी आली, आपली नाव कलंडली, आणि तुम्ही हात पुढे केलात. "हात दे!" म्हणालात. मी दिला नाही. दोन्ही हातांनी डबी छातीशी धरून राहिले. पूजेला नेलेला देव घरी येईपर्यंत हातातून सोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना? नाववाल्याने ओढणीला धरून मला वर घेतलं. तुम्ही दिसलाच नाहीत. ऊन होतं अजून. बालाजी घाटाच्या पायऱ्या समोर होत्या. इतक्या जवळ!

तेव्हापासून नळाचा आवाज आला तरी माझ्या मुठी आवळतात. आई बादली भरायला लागली की मी जिन्यात जाऊन बसते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "चोट है बेटा, दिखती नहीं बस." त्यांनाही मी हाताचं सांगितलं नाही. शाळेत घालण्याआधी तुम्ही मला सुपाऱ्या मांडून अंक शिकवलेत आणि खरं बोलायला शिकवलंत. अंक तेवढे राहिले.

लेलेकाकांसमोरच मी डबी उघडली. आत लाल वस्त्र, कुबट वास, वाळूचे चार कण. बस.

एरवी तुम्ही त्याच दिवशी उत्तरपूजा उरकून देव परत आणायचात. त्या दिवशी लेलेकाकूंना संध्याकाळची आरती करायची होती म्हणून तिथेच ठेवलात म्हणे. मी स्वयंपाकघरात प्रसाद बांधत होते. मला सांगितलंही नाहीत!

मी ओरडले, "रिकाम्या डबीसाठी मी बाबांचा हात धरला नाही!"

आई रडली नाही. डबी हातात घेऊन तिने आतलं वस्त्र बाजूला केलं. मग म्हणाली, "रिकामी डबी त्यांना स्वतःच्या झोळीत टाकता आली नसती? तुझ्या हातात का दिली?"

मी डबी तिच्या हातातून परत घेतली.

"अगं, लहानपणापासून नावेत बसलीस की थरथरायचीस तू. मग ते काहीतरी धरायला द्यायचे. एकदा नारळ दिला होता. म्हणाले, हा पडला तर पूजा नाही! रामनगरपर्यंत तू त्या नारळावरून नजर काढली नाहीस. पण रडली नाहीस."

खरंच, बाबा? मला शांत बसवायला दिली होतीत? मग मी तुमचं ऐकलं, की नाही ऐकलं? आत देव नाही, एवढं तरी सांगायचं होतं! मी ती सोडली असती.

सोडली असती ना?

लेलेकाकांना मी म्हटलं, "कुणाला बोलवू नका. मी येते."

"तू? नावेतून?"

"पुलावरून. ऑटोने."

नावेत मी बसणार नाही, बाबा. अजून नाही. तुम्हाला खोटं वचन देत नाही. पुलावरही कदाचित डोळे मिटून घेईन. पण त्या सुकलेल्या फुलांवर अक्षता वाहीन, मूर्ती जराशी हलवीन, आणि तुम्ही शिकवलंत तसं देवाला पुन्हा यायला सांगेन. तिथे तुम्ही आठवाल. तरी मंत्र पुरा करीन.

आईही येणार आहे. परतताना डबी तिच्या मांडीवर राहील. माझे दोन्ही हात मी मोकळे ठेवीन.

तुमची,
वेणू