बबडीच्या गाडीचे महागडे प्लग

ता. ३

ती. ताईस,
बबडीचा शि. सा. न.

तुझा पाय प्लास्टरमध्ये आणि मी इथे हात चोळत बसलेय. लायसन्स मिळालं, गाडी दारात उभी, तरी येता येत नाही. कारण तो मेला उड्डाणपूल! चढावर रांग थांबली की पुन्हा निघताना गाडी बंद पडते. मागचे हॉर्न वाजवून जीव खातात. गाडी नीट चढेपर्यंत एकटीनं ताईकडे जायचं नाही, असं ह्यांनी बजावलंय. ह्यांचं निदानही तयार आहे: स्पार्क प्लग! कुठेतरी वाचून सगळ्यात महागडे आणलेत. बसवले की गाडी उडेल म्हणतात. तू जन्म काढलास स्पेअर पार्टच्या दुकानात. खरं सांग, फरक पडतो का?

लोभ आहे तो प्लास्टर निघाल्यावरही राहू दे.

तुझी बबडी

ता. ७

चि. बबडीस आशीर्वाद.

अगं, जुने झिजले असतील तर कुठलेही नवे घाल, फरक पडतोच. चांगले असतील तर महागडे जास्त दिवस टिकतील, बाकी काही नाही. इंजिनाला वेळेवर ठिणगी हवी, ती सोन्याची असून काय करायची? मेकॅनिककडून जुने काढून बघ. टोक कोरडं, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नकोस. आणि गाडी बंद पडते तेव्हा शेजारी कोण असतं, ते का नाही लिहिलंस? मेहुण्यांना मी काही आज ओळखत नाही.

इथे शेजारीण डबा आणते, पण तिच्या बडबडीनं पायापेक्षा डोकं जास्त दुखतं. लवकर ये गं. माया करतेस तशीच करत राहा.

तुझी ताई

ता. १२

ती. ताईस शि. सा. न.

धन्य आहेस! प्लग अगदी तपकिरी निघाले. मेकॅनिक शेजारी जांभया देत बसला आणि मी पुलावर दोनदा थांबून दोनदा निघाले. गाडीनं हूं की चूं केलं नाही! हे शेजारी असले की चढ लागायच्या आधीच क्लच, क्लच म्हणून ओरडतात, स्वतःचे पाय आपटतात, आणि माझा पाय दचकून सुटतो.

पण हे तोंडावर कसं सांगू? केवढ्या हौसेनं आणलेत! नवे प्लग डब्यातच ठेवले आणि घरी येऊन गाडी झकास चढली एवढंच सांगितलं. हे खूश. आता आपण शेजारी बसायची गरज नाही म्हणाले. रविवारी निघते. तू मात्र ब्र काढू नकोस, झाकली मूठ सव्वा लाखाची.

रागवायचं ते भेटीत रागव, पत्रात लोभच असू दे.

तुझी बबडी

ता. १९

ती. ताईंना सा. न. वि. वि.

बबडी पोहोचल्याचं कार्ड मिळालं आणि जीव भांड्यात पडला. ती निघाली तेव्हा मी गॅलरीत उभा राहून इथूनच ब्रेक दाबत होतो. हसू नका.

एक गोष्ट तिला कळू देऊ नका. प्लग बसवलेच नाहीत, हे मेकॅनिकनं मला ती पुलावरून आली त्याच संध्याकाळी सांगितलं. गाडी कुणामुळे बंद पडते तेही सांगितलं. मनाला लागलं. पण मी बोललो असतो, तर मला वाईट वाटू नये म्हणून तिनं पुन्हा मला शेजारी बसवलं असतं आणि गाडी पुन्हा पुलावर अडली असती. म्हणून प्लगांचं कौतुक करत मी शेजारची सीट सोडली.

घर मात्र खायला उठलंय. रविवारी बसनं येतो. परतताना मागच्या सीटवर बसेन, तोंड उघडणार नाही. नेईल का मला, तेवढं तिला विचारून कळवा.

तिचं उत्तर काहीही येवो, तुमचा लोभ राहावा.

तुमचा मेहुणा