सवाष्णीचं पान

गोखिवऱ्याच्या आत्याला,

हे पत्र मी पाठवणार नाहीये, त्यामुळे वर नमस्कार लिहायची तसदी घेत नाही.

लहानपणी तुझ्याकडे जेवायला बसले की तू माझ्या पोळ्या मोठ्याने मोजायचीस. पंगत हसायची. मग मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने खायचे. आता ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलंय. अर्धी वाटी वरण जातं, तेही चमच्याचमच्याने. गोड बंद आहे, हे तुला फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी गौरींना सवाष्ण म्हणून बोलावलंस, तुपात भिजवलेल्या दोन पुरणपोळ्या वाढल्यास आणि चार बायकांसमोर म्हणालीस, "सवाष्णीने पानात टाकलं तर गौरी उपाशी जातात गं."

मी मूर्ख, एक संपवली. नंतर दरदरून घाम फुटून तुझ्या बेसिनमध्ये ओकत होते, तेव्हा तू बाहेर सांगत होतीस, "संजनाला दिवस गेलेत वाटतं." तुझ्या अकलेची कीवही येत नाही आता.

तोंड पुसून वळले, तर तुझी नात उन्नती फ्रीजच्या आडोशाला उभी राहून पोळी गिळत होती. मला बघून तिने हात पाठीमागे लपवला. तिच्या पोळ्या कोण मोजतं, हे मला विचारावं लागलं नाही.

रविवारी तिला फुलपाड्याला माझ्याकडे जेवायला बोलावलंय. बसून जेवेल.

तुझी म्हणवत नाही,
संजना